अभ्यासक्रमाबाहेरची अमेरिका

अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत आम्ही काही वर्षे काम करीत होतो, तेव्हा शेजारच्या टेबलावर एक चिनी विद्यार्थी बसत असे. पीएच.डी.चे चौथे वर्ष, विषय अर्धवाहकांच्या पातळ थरांचा. मनुष्य मोठा नेमका. निर्वात पंपाचा आवाज ऐकून तो किती दिवसांनी बिघडेल ते सांगायचा, आणि ते बहुधा खरे ठरायचे. एका वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला ही स्वारी चार-पाच दिवस दिसेना. परत आल्यावर कळले, की तो वॉशिंग्टनला गेला होता. परिषदेसाठी नव्हे आणि फिरायलाही नव्हे. अमेरिकेचे परराष्ट्र धोरण कसे ठरते ते शिकायला!

आम्हांला हसू आले. पातळ थरांचा आणि परराष्ट्र धोरणाचा संबंध काय? त्याने उत्तर न देता वही उघडली आणि विद्युत-मंडलाची काढतात तशी एक आकृती काढली. एका टोकाला राष्ट्राध्यक्ष, मग काँग्रेसची दोन सभागृहे, त्यांच्या समित्या, न्यायालये, वृत्तपत्रे, कारखानदार, विद्यापीठे. मधे जागोजागी स्विच आणि उलट दिशेने फिरणारे बाण. "घरी असताना मला वाटायचे, की एकच बटण आहे," तो म्हणाला.

तो ज्या वर्गाला गेला होता, तो वर्ग 'नॅशनल कमिटी ऑन यू.एस.-चायना रिलेशन्स' या बिनसरकारी संस्थेने २००३ मध्ये सुरू केला. १९६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था. १९७२ मध्ये चीनच्या टेबलटेनिस संघाला अमेरिकेत बोलावून फिरवले ते हिनेच. अमेरिकी विद्यापीठांत शिकणाऱ्या चिनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना, मग ते रसायनशास्त्राचे असोत की कायद्याचे, काही दिवस राजधानीत एकत्र आणायचे आणि धोरण ठरवणाऱ्या, त्यावर लिहिणाऱ्या, त्यासाठी भांडणाऱ्या माणसांशी त्यांना बोलू द्यायचे, असे या उपक्रमाचे स्वरूप.

आम्हांला तेव्हा हे नवीन वाटले. पुढे थोडा इतिहास चाळला, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. चिनी विद्यार्थी दीडशे वर्षे अमेरिकेत जात आहेत. प्रत्येक वेळी त्यांना पाठवणाऱ्याच्या मनात एक हेतू होता आणि बोलावणाऱ्याच्या मनात दुसरा. विद्यार्थ्यांनी तोफा, रेल्वे, शेती, भौतिकी असे नेमून दिलेले विषय घेतलेच. पण त्याखेरीज एक विषय ते कोणीही न शिकवता शिकले. तो म्हणजे अमेरिका नावाचे यंत्र चालते कसे. दोन देशांमधले दार जेव्हा जेव्हा बंद झाले, तेव्हा ते पुन्हा उघडायला बहुतेक वेळा आधीच्या पिढीतला असाच एखादा विद्यार्थी पुढे आलेला दिसतो. ही साखळी मोठी मनोरंजक आहे. (चिनी नावे मराठीत उतरवताना आमची तारांबळ उडते. उच्चारांबद्दल जाणकारांनी क्षमा करावी.)

साखळीचा पहिला दुवा युंग विंग. मकावजवळच्या एका खेड्यातला हा मुलगा मिशनरी शाळेत शिकला. आपल्या शिक्षकाबरोबर तो १८४७ मध्ये अमेरिकेत गेला आणि १८५४ मध्ये येल विद्यापीठाचा पदवीधर झाला. अमेरिकेतल्या विद्यापीठाची पदवी मिळवणारा हा पहिला चिनी. आपल्याला मिळाले ते आणखी मुलांना मिळावे, या एका कल्पनेने त्याला झपाटले होते. मायदेशी ते कोणाला पटेना. अफूच्या युद्धांत मार खाल्ल्यावर आणि ताइपिंग बंडात देश होरपळल्यावर काही वजनदार अधिकाऱ्यांना तोफा आणि जहाजे यांची निकड वाटू लागली. त्यांच्यापैकी त्सेंग ग्वोफान यांनी युंग विंगला आधी यंत्रे आणायला अमेरिकेत पाठवले. यंत्रे आली. मग यंत्रे चालवणारी माणसे हवीत, हे म्हणणे पुढे सरकायला त्याला सोपे गेले.

१८७२ पासून १८७५ पर्यंत दर वर्षी ३० याप्रमाणे १२० मुलगे अमेरिकेला रवाना झाले. बहुतेक दहा ते सोळा वर्षांचे. शिक्षणाची मुदत १५ वर्षे! मुलगा आजारी पडला वा मेला तरी आमची तक्रार नाही, अशा कागदावर पालकांनी सह्या केल्या होत्या. साहजिकच चांगल्या खात्यापित्या घरांतून मुले मिळाली नाहीत. परदेशी माणसांची सवय असलेल्या दक्षिणेच्या किनाऱ्यावरूनच, मुख्यतः ग्वांगडोंग प्रांतातून, ती गोळा करावी लागली.

कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावी या मंडळाचे कार्यालय होते. पण मुलांना वसतिगृहात न ठेवता त्या परिसरातल्या कुटुंबांत दोन-दोन, तीन-तीन असे विभागून ठेवले होते. हा निर्णय भाषा लवकर यावी म्हणून घेतलेला. त्याचे परिणाम मात्र भाषेपुरते राहिले नाहीत. बारा वर्षांचे पोर एखाद्या घरी जेवायला बसते, तेव्हा ते केवळ क्रियापदे शिकत नाही. घरातला बाप गावच्या सभेत काय बोलला, वर्तमानपत्रातल्या बातमीवर तो का चिडला, एका निवडणुकीत हरलेला माणूस पुढच्या निवडणुकीत पुन्हा कसा उभा राहतो, हे सगळे त्याच्या कानांवर पडत असते. मुले बेसबॉल खेळू लागली. पाठीवरची लांब वेणी टोपीखाली किंवा सदऱ्यात खोचून. कोणी चर्चमध्ये जाऊ लागला. कोणी वेणी कापलीच. त्यांच्याबरोबर आलेल्या पंतोजींना कन्फ्यूशिअसचे ग्रंथ शिकवताना समोरची मुले हातची चालल्याचे जाणवू लागले, आणि तशा कागाळ्या बीजिंगला जाऊ लागल्या.

एवढ्याने कदाचित भागले असते. पण १८६८ च्या तहाने चिनी प्रजेला अमेरिकेतल्या सरकारी शिक्षणसंस्था मोकळ्या असल्याचे लिहून दिले होते, आणि चीनचा सगळा डाव त्यावर होता. मुले मोठी झाल्यावर वेस्ट पॉइंटच्या लष्करी आणि अॅनापोलिसच्या नौदल अकादमीत जातील, ही अपेक्षा. जपानी विद्यार्थी अॅनापोलिसला शिकत होतेच. चिनी मुलांसाठी विचारणा झाली, तेव्हा जागा नाही असे उत्तर आले. कॅलिफोर्नियात त्या वेळी चिनी मजुरांविरुद्ध वातावरण तापले होते, आणि मते सर्वच पक्षांना हवी असतात. ज्या कारणासाठी पैसा खर्च केला तेच साधणार नाही म्हटल्यावर बीजिंगमधल्या विरोधकांचे आयतेच फावले. येलच्या अध्यक्षांनी पत्र लिहिले. लेखक मार्क ट्वेन आणि त्यांचे पाद्री मित्र ट्विचेल हे माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याकडे गेले, आणि ग्रँटनी चीनचे वजनदार मुत्सद्दी ली हुंगचांग यांना पत्र धाडले. उपयोग झाला नाही. १८८१ मध्ये सर्वांना परत बोलावण्यात आले. तोवर जेमतेम दोघांच्या हाती पदवी पडली होती. पुढल्याच वर्षी अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला.

परतीच्या वाटेवर सॅन फ्रान्सिस्कोला बोटीची वाट पाहत असताना ओकलंडच्या बेसबॉल संघाने या मुलांना सामन्याचे आव्हान दिले आणि मुलांनी तो सामना जिंकला, ही हकीगत त्यांच्यातल्याच एकाने पुढे सांगितली आहे. शांघायला उतरल्यावर स्वागत असे, की पहारेकऱ्यांच्या गराड्यात नेऊन एका पडक्या शाळेत काही दिवस कोंडून ठेवले. मग ज्याला जिथे जागा तिथे वाटून दिले: तारखाते, नौदल, खाणी, वैद्यकशाळा. कोण काय शिकला याची चौकशी फारशी झाली नाही. पदवी मिळालेल्या दोघांपैकी एक, येलचा स्थापत्य अभियंता झान तियानयू. त्याला नौदलाच्या शाळेत पाठवले!

या झान तियानयूची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी. १९०५ मध्ये बीजिंगहून वायव्येला झांगजिआकोउपर्यंत रेल्वे बांधायचे ठरले. इंग्रजांना तिथे रशियन अभियंता चालेना आणि रशियनांना इंग्रज. दोघांच्या भांडणात काम चिनी माणसाकडे आले, ते झानकडे. सुमारे २०० किलोमीटरचा मार्ग. वाटेत चीनच्या भिंतीजवळचे डोंगर. तिथे त्याने १,०९१ मीटर लांबीचा बोगदा खोदला, आणि चढ कमी करण्यासाठी गाडी एका टोकाला नेऊन तिथून उलट दिशेने वर काढायची योजना केली. आपल्याकडे १८६३ मध्ये बोरघाट रेल्वेला खुला झाला, तेव्हा खंडाळ्याजवळ असेच उलटे स्थानक होते. जुन्या लोकांना त्याच्या कथा ठाऊक असतील. १९०९ मध्ये, ठरल्या मुदतीच्या दोन वर्षे आधी, रेल्वे धावू लागली.

म्हणजे शिकलेल्या विषयाचा उपयोग झाला, पंचवीस वर्षांनी का होईना. पण आम्हांला त्याहून रस आहे तो दुसऱ्या एका मुलात. लिआंग चेंग हा अँडोव्हरच्या शाळेतला, तिथल्या बेसबॉल संघात खेळलेला. तो वकिलातींच्या नोकरीत चढत गेला आणि १९०३ मध्ये चीनचा वकील म्हणून वॉशिंग्टनला आला.

त्याआधी १९०० मध्ये बॉक्सर बंड झाले होते. ते चिरडण्यासाठी आठ राष्ट्रांच्या फौजा बीजिंगमध्ये घुसल्या, आणि १९०१ च्या तहाने चीनवर ४५ कोटी टेल चांदीचा दंड बसला. ३९ वर्षांत व्याजासह फेडायचा. अमेरिकेचा वाटा सुमारे २ कोटी ४४ लाख डॉलरचा होता. दंडाचे हप्ते चांदीत द्यायचे की सोन्यात, हा वाद चालू होता. त्याविषयी बोलणी करताना परराष्ट्रमंत्री जॉन हे यांच्या तोंडून लिआंगला कळले, की अमेरिकेने मागितलेली रक्कमच प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा फार जास्त आहे. दुसऱ्या एखाद्या वकिलाने हे आपल्या सरकारला कळवून हात जोडले असते. लिआंगने तसे केले नाही. सोन्या-चांदीचा वाद बाजूला ठेवून जास्तीची रक्कम परत मागण्याचा त्याने धोशा लावला. आणि केवळ मंत्र्याकडे खेटे न घालता तो काँग्रेसचे सदस्य, संपादक, चर्चची मंडळी यांना भेटत राहिला. या देशात एकच बटण नाही, हे त्याला चौदाव्या-पंधराव्या वर्षीच कळले होते.

अमेरिकेलाही कारणे होती. चिनी प्रवाशांना, त्यांत विद्यार्थीही आले, अमेरिकी बंदरांत जी वागणूक मिळे, तिच्या निषेधार्थ १९०५ मध्ये चीनमध्ये अमेरिकी मालावर बहिष्कार पडला. चिनी विद्यार्थी लोंढ्याने जपानला जात होते. इलिनॉय विद्यापीठाचे अध्यक्ष एडमंड जेम्स यांनी १९०६ मध्ये थिओडोर रूझवेल्टना टिपण पाठवले. त्याचा मथितार्थ असा, की जो देश आज चिनी तरुणांना शिकवील, त्याला उद्या चीनच्या बुद्धीवर आणि बाजारपेठेवर प्रभाव मिळेल. सैन्यापेक्षा हे स्वस्त पडते. १९०८ मध्ये काँग्रेसने १ कोटी ७ लाख डॉलरहून अधिक रक्कम सोडून दिली. चीनला हा पैसा मांचुरियातल्या कामांसाठी वापरायचा होता. तो शिक्षणावरच खर्च व्हावा असा आग्रह अमेरिकेने धरला. म्हणून याला निखळ औदार्य म्हणायला आम्ही तयार नाही. चीनचेच पैसे, आणि ते कशावर खर्च करायचे हे ठरवणारा दुसरा! पण त्यातून जे उभे राहिले ते मात्र खरे.

१९०९ मध्ये ४७, १९१० मध्ये ७० आणि १९११ मध्ये ६३ विद्यार्थी स्पर्धापरीक्षेने निवडून गेले. १९११ मध्ये बीजिंगच्या एका जुन्या राजउद्यानात त्यांच्या पूर्वतयारीची शाळा निघाली. तेच आजचे त्सिंगहुआ विद्यापीठ. शाळेचा पहिला अध्यक्ष तांग ग्वोआन हाही हार्टफर्डच्या १२० मधलाच.

शिष्यवृत्तीधारकांपैकी बहुसंख्यांनी शेती, अभियांत्रिकी, खाणकाम, विज्ञान असे 'उपयोगी' विषय घ्यावेत असा दंडक होता. १९१० च्या तुकडीतल्या हू शी नावाच्या विद्यार्थ्याने त्याप्रमाणे कॉर्नेल विद्यापीठात शेतीशास्त्र घेतले. फळबागांच्या वर्गात सफरचंदांच्या जाती ओळखायची वेळ आली, तेव्हा अमेरिकी शेतकऱ्यांची पोरे भराभर नावे सांगून निघून गेली आणि हू शी ढिगासमोर बसून राहिला. पुढे त्याने तत्त्वज्ञान घेतले. बोलीभाषेत लिहिण्याची चिनी साहित्यातली मोठी चळवळ त्याने उभी केली, आणि १९३८ ते १९४२ या युद्धाच्या काळात तो अमेरिकेत चीनचा राजदूत होता. सफरचंदे वाया गेली असे कोण म्हणेल?

त्याच कॉर्नेलमधली आणखी एक हकीगत या मासिकाच्या वाचकांना विशेष आवडावी. १९१४ च्या उन्हाळ्यात तिथल्या काही चिनी विद्यार्थ्यांनी ठरवले, की आपल्या देशाला सर्वांत जास्त गरज विज्ञानाची आहे, तर चिनी भाषेत विज्ञानाचे मासिक काढावे. पैसा कुठला? दहा-दहा डॉलरचे भाग काढले. शिष्यवृत्तीतून, म्हणजे पर्यायाने जेवणखाणातून, वाचवून ते भरले. रेन होंगजुन, झाओ युआनरेन, हू मिंगफू, यांग च्युआन ही त्यांतली काही मंडळी. लेख इथाका गावी लिहायचे आणि छपाई शांघायला. जानेवारी १९१५ मध्ये 'केशुए', म्हणजे 'विज्ञान', या नावाने पहिला अंक निघाला. सूत्रे आणि समीकरणे नीट छापता यावीत म्हणून त्यांनी उभ्या ओळींची परंपरा मोडून डावीकडून उजवीकडे आडव्या ओळी छापल्या. चीनमध्ये हे तेव्हा नवल होते. मासिकाभोवती चीनची विज्ञानसंस्था उभी राहिली, आणि पुढे त्यांतली बरीच मंडळी मायदेशी परतली. झू केझेन इलिनॉयला शेती शिकून हार्वर्डचे हवामानशास्त्रज्ञ झाले आणि त्यांनी चीनमध्ये वेधशाळांचे जाळे विणले. ये चिसुन यांनी हार्वर्डला क्ष-किरणांच्या साहाय्याने प्लांकच्या स्थिरांकाचे मापन करण्यात भाग घेतला आणि परत जाऊन १९२६ मध्ये त्सिंगहुआचा भौतिकी विभाग सुरू केला. सभासदांची वर्गणी, निवडलेली कार्यकारिणी, वार्षिक सभा, सभेत भांडण आणि मग मतदान, ही संस्था चालवण्याची रीत कोणाच्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. ती मुलांनी अमेरिकेतल्या संस्था पाहून उचलली होती.

१९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली आणि दार दोन्ही बाजूंनी लागले. अमेरिकेत तेव्हा सुमारे पाच हजार चिनी विद्यार्थी होते. कोरियन युद्धात चीन उतरल्यावर अमेरिकेने त्यांतल्या विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या मंडळींना देश सोडायला मनाई केली. यांपैकी सर्वांत गाजलेले प्रकरण चिएन शुएसेन यांचे. बॉक्सर शिष्यवृत्तीवर १९३५ मध्ये ते आले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूटमध्ये थिओडोर फॉन कार्मान यांचे शिष्य झाले, युद्धकाळात अमेरिकेसाठी अग्निबाणांवर काम केले. १९५० मध्ये त्यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा संशय आला, गुप्त कामाचा परवाना गेला, दोन आठवडे कोठडी झाली. मग एकीकडे हद्दपारीचा हुकूम आणि दुसरीकडे देश सोडायला बंदी, अशा विचित्र अवस्थेत त्यांनी पाच वर्षे काढली. त्या काळात त्यांनी नियंत्रणशास्त्रावर एक उत्तम ग्रंथ लिहिला.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे दोन्ही देशांच्या राजदूतांची बोलणी सुरू झाली. चीनच्या ताब्यात अमेरिकी कैदी होते, अमेरिकेच्या ताब्यात चिनी विद्वान. चिएन यांनी नातेवाइकांमार्फत चोरून पाठवलेले पत्र चीनच्या राजदूतांनी तिथे पुढे केले, असे चिनी इतिहासकार सांगतात. १० सप्टेंबर रोजी दोघांनी संयुक्त निवेदन काढले. अमेरिकेतून परतू इच्छिणाऱ्या चिनी नागरिकांना साहाय्य करण्याचे काम त्यात भारत सरकारकडे सोपवले होते. आपल्याकडे हे फारसे कोणाला आठवत नाही. १७ सप्टेंबरला चिएन सहकुटुंब बोटीवर चढले. पुढे चीनचा क्षेपणास्त्र-कार्यक्रम त्यांच्या हाताखाली उभा राहिला. संशय खरा होता की नाही यावर शेवटपर्यंत पुरावा आला नाही. परिणाम मात्र सर्वांना दिसला.

मधली वर्षे भराभर ओलांडू. पन्नाशीच्या दशकात हजारो चिनी विद्यार्थी मॉस्को-लेनिनग्राडला गेले आणि साठीच्या सुरुवातीला ते नातेही फाटले. १९६६ पासून सांस्कृतिक क्रांतीत चीनची विद्यापीठेच बंद पडली. परदेशी शिकलेला असणे हाच गुन्हा ठरला. ये चिसुन यांना तर तुरुंगवास घडला. १९७१ च्या उन्हाळ्यात नोबेलविजेते चेन-निंग यांग अमेरिकेतून चीनला जाऊन आले. १९४५ मध्ये हेही बॉक्सर शिष्यवृत्तीवरच निघाले होते.

जून १९७८ मध्ये डेंग झिआओपिंग यांनी, दहा-वीस नव्हे तर हजारांनी विद्यार्थी परदेशी पाठवा, असे सांगितले. जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे विज्ञान-सल्लागार, भूभौतिकीतज्ज्ञ फ्रँक प्रेस, बीजिंगला गेले. पाच हजार विद्यार्थी पाठवू का, असे त्यांना विचारण्यात आले. प्रेस यांनी वॉशिंग्टनला दूरध्वनी लावला, तेव्हा तिथे पहाटेचे तीन वाजले होते. झोपमोड झालेल्या कार्टरनी, एक लाख पाठवा म्हणावे, असे उत्तर दिल्याची हकीगत पुढे स्वतःच अनेकदा सांगितली.

पण एक लाख म्हणणे सोपे. अमेरिकेत विद्यार्थी घ्यायचा की नाही हे सरकार ठरवत नाही, प्रत्येक विद्यापीठ आपापले ठरवते. दोन सरकारांनी करार केला की पोरे आपोआप वर्गात बसतील, ही समजूत ज्यांना मोडून काढायची होती, ते चिनी शिष्टमंडळ ऑक्टोबर १९७८ मध्ये वॉशिंग्टनला आले. त्याचे प्रमुख होते झोउ पेइयुआन. हे कोण? १९२४ मध्ये त्सिंगहुआहून गेलेले, शिकागोला शिकलेले, १९२८ चे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूटचे डॉक्टरेट, आणि पुढे काही काळ प्रिन्स्टनला आइन्स्टाइन यांच्या सान्निध्यात काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ! बोलणी करताना त्यांना अमेरिकेचे विद्यापीठ म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नव्हती. लेखी समझोता झाला, आणि सरकारी देवाणघेवाणीबरोबरच विद्यापीठांशी थेट संपर्काची वाटही मोकळी राहिली. २६ डिसेंबर १९७८ ला ५२ जणांची पहिली तुकडी पॅरिसमार्गे निघाली, कारण थेट विमान नव्हते. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध १ जानेवारी १९७९ ला सुरू झाले, म्हणजे विद्यार्थी राजदूतांच्या आधी पोहोचले. विद्यार्थी म्हणायचे, पण बरेचसे चाळिशीकडे झुकलेले. इंग्रजी शिकण्यापासून त्यांची सुरुवात झाली.

तरुणांचे काय? अनेक वर्षे विद्यापीठे बंद असलेल्या देशातल्या मुलाची गुणपत्रिका अमेरिकी प्राध्यापकाने कशी वाचायची? टोफेल, जीआरई या परीक्षा तेव्हा चीनमध्ये होत नव्हत्या, आणि अर्जाचे शुल्क महिन्याच्या पगारात बसत नव्हते. हा तिढा सोडवला तो त्सुंग-दाओ ली यांनी. १९५७ चे नोबेल यांगबरोबर मिळवणारे हेच. १९४६ मध्ये चीनहून शिकागोला आलेले आणि कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक असलेले ली १९७९ मध्ये बीजिंगला सात आठवडे व्याख्याने द्यायला गेले. ऐकणाऱ्यांची तयारी पाहून त्यांनी कोलंबियाच्या प्रवेशपरीक्षेचे प्रश्न मागवले, परीक्षा घेतली, आणि पाच विद्यार्थी कोलंबियाला घेतले. मग त्यांनी इतर विद्यापीठांच्या भौतिकी विभागांना शेकडो पत्रे लिहिली: प्रश्न तुम्हीच काढा, उत्तरे तुम्हीच तपासा, शुल्क माफ करा, आणि पटले तर तुमच्या पैशाने शिकवा. ही योजना 'कुस्पिआ' या नावाने ओळखली गेली. १९८९ पर्यंत तिच्यातून ९१५ भौतिकी विद्यार्थी अमेरिकेत गेले. तिच्या धर्तीवर कॉर्नेलचे रे वू यांनी जीवरसायनशास्त्रासाठी योजना काढली. वॉशिंग्टनच्या कोणत्याही खात्याला हे जमले नसते, आणि बीजिंगच्याही नाही. अमेरिकेत विभागप्रमुखाला पत्र लिहिले तर काम होते, ही माहिती तीस वर्षे तिथे राहिलेल्या माणसालाच असणार.

१९८९ मध्ये तिआनानमेन चौकात रणगाडे आले. तेव्हा अमेरिकेत असलेल्या चिनी विद्यार्थ्यांनी काय करावे? त्यांनी काँग्रेसच्या सदस्यांची दारे ठोठावली. पत्रे, दूरध्वनी, साक्षी, प्रत्येक मतदारसंघातले विद्यापीठ. १९९२ च्या कायद्याने पन्नास हजारांहून अधिक चिनी नागरिकांना कायम वास्तव्याचा हक्क मिळाला. चीनच्या दृष्टीने हे नुकसानच. पण लिआंग चेंगची विद्या पुढच्या पिढीने किती पटकन आत्मसात केली, हे मात्र दिसते.

म्हणजे आमचा सहकारी ज्या वर्गाला जाऊन आला, त्यातला धडा १३० वर्षे वर्गाशिवायच चालू होता. चार दिवसांत तो शिकवता येतो का, याबद्दल आम्ही साशंक आहोत. पाहुण्याला घर दाखवताना यजमान दिवाणखान्यातूनच सुरुवात करतो, आणि कनेक्टिकटमधल्या स्वयंपाकघरात दहा वर्षे जेवलेल्या मुलाची सर चार व्याख्यानांना यायची नाही. सहकाऱ्यालाही हे ठाऊक होते. त्याला वक्त्यांपेक्षा एका काँग्रेस सदस्याच्या कार्यालयातला कर्मचारी जास्त आवडला होता. पंचविशीतला तो मुलगा मतदारांची पत्रे वाचून त्यांचे गठ्ठे करीत होता. "धोरण तिथे सुरू होते हे मला कोणी सांगितले नव्हते," असे तो म्हणाल्याचे आठवते.

गेल्या काही वर्षांत दार पुन्हा किलकिले झाले आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने चिनी संबंध असलेल्या संशोधकांची चौकशी करणारी मोहीम उघडली आणि २०२२ मध्ये ती बंद केली. मे २०२० मध्ये चीनच्या लष्कराशी संबंधित संस्थांतून येणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रवेशबंदी झाली. ज्या १९७९ च्या विज्ञान-तंत्रज्ञान कराराच्या छायेत हे सगळे वाढले, तो २०२४ मध्ये मुदत संपून गेला आणि डिसेंबरमध्ये बऱ्याच आक्रसलेल्या रूपात पाच वर्षांसाठी पुन्हा झाला. अमेरिकेतल्या चिनी विद्यार्थ्यांची संख्या २०१९-२० मध्ये ३,७२,५३२ होती, ती २०२३-२४ मध्ये २,७७,३९८ झाली. त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर भारत आला: ३,३१,६०२. वाचकांपैकी पुष्कळांचे माजी विद्यार्थी त्या आकड्यात असतील.

आमचा सहकारी आता चीनमधल्या एका विद्यापीठात प्राध्यापक आहे. अधूनमधून पत्र येते. गेल्या वर्षी त्याने लिहिले, की त्याच्या चांगल्या विद्यार्थ्यांपैकी दोघांनी सिंगापूर पसंत केले, एकाने जर्मनी, आणि एकच अमेरिकेला जायचे म्हणतो. त्याच्यासाठी कोणाला पत्र लिहावे, हे तो आम्हांला विचारीत होता.